लवाद : विविध विधिपद्धतींतील तुलना

लवाद म्हणजे सरकारी न्यायालयात न जाता, पक्षकारांनी आपसांत करार करून निवडलेल्या त्रयस्थाकडून वादाचा बंधनकारक निवाडा करून घेण्याची पद्धत. निवाडा देणाऱ्या व्यक्तीलाही लवादच म्हणतात. मध्यस्थी याहून वेगळी आहे : मध्यस्थ तडजोडीला मदत करतो, पण निर्णय देत नाही. महाराष्ट्र आणि गोव्यातील वाचकांना ‘लवाद’ हे नाव बहुधा कृष्णा किंवा म्हादई पाणीतंट्यामुळे माहीत असते. ती न्यायाधिकरणे मात्र १९५६ च्या आंतरराज्यीय नदी पाणीतंटा कायद्याखाली केंद्र सरकार नेमते. तेथे राज्यांच्या कराराचा प्रश्न येत नाही, म्हणून त्यांचा विचार या नोंदीत केलेला नाही.

लवादाचा सगळा अधिकार पक्षांच्या संमतीतून येतो. अशा खासगी निवाड्यामागे राज्यसत्तेने आपले बळ कितपत उभे करायचे, आणि मुळात संमती होती की नव्हती हे कोणी ठरवायचे, हे प्रश्न प्रत्येक विधिपद्धतीला सोडवावे लागले आहेत. पद्धतींमधले महत्त्वाचे भेद या दोन प्रश्नांच्या उत्तरांतले आहेत; कामकाजाच्या रीतीतले भेद त्या मानाने वरवरचे.

एकदा दिलेली संमती मागे घेता येत नाही, हे आज सर्वत्र गृहीत धरले जाते. पूर्वी तसे नव्हते. इंग्लंडमध्ये १६०९ च्या विनियर खटल्यात असे ठरले की लवादाला दिलेला अधिकार पक्षकार निवाड्यापूर्वी केव्हाही काढून घेऊ शकतो. फार तर त्याने लिहून दिलेल्या बंधपत्राची रक्कम त्याला भरावी लागेल. व्यापाऱ्यांची त्यामुळे होणारी अडचण दूर करण्यासाठी १६९८ चा कायदा आला. त्याचा मसुदा तत्त्वज्ञ जॉन लॉक याने केला होता. तरीही अधिकार काढून घेण्याची मुभा मोठ्या अंशी संपायला १८८९ चा कायदा यावा लागला. विशेष असे की, हनफी इस्लामी कायद्यावर आधारलेल्या आणि १८७६ मध्ये पूर्ण झालेल्या ‘मेजेल्ले’ या ऑटोमन संहितेतही निवाड्यापूर्वी लवादाला दूर करण्याचा हक्क पक्षांना होता. एकमेकांशी संबंध नसलेल्या दोन परंपरांना एकच शंका भेडसावत होती, ती म्हणजे नेमणूक माझी असेल, तर ती मोडण्याचा हक्कही माझा का नसावा?

फ्रान्सचा प्रवास अधिक वळणांचा आहे. राजाच्या न्यायाधीशांवर विश्वास न उरलेल्या क्रांतिकारकांनी १७९० मध्ये लवादाला तंटे सोडवण्याचा सर्वांत रास्त मार्ग ठरवले. पुढे नेपोलियनच्या काळातील १८०६ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेने लवादपत्रात वादाचा विषय आणि लवादांची नावे हवीत असा नियम घातला. भविष्यात उद्भवू शकणाऱ्या वादाचा विषय आणि नावे आधी कशी लिहिणार? या कारणावरून १८४३ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने करारातील आगाऊ लवादी कलमच अवैध ठरवले. व्यापारी करारांपुरती ही बंदी उठली ती १९२५ मध्ये. अमेरिकेचा संघीय लवाद कायदाही त्याच वर्षीचा.

संमती मागे घेतली जाण्याच्या अडचणीवर मराठी मुलखाने आधीच व्यवहारी तोड काढली होती. वतनाचे, शिवेचे, भाऊबंदांच्या वाटणीचे तंटे गोतसभेपुढे (वतनदार व गावकऱ्यांच्या सभेपुढे) किंवा पंचांपुढे जात, तेव्हा सुरुवातीलाच दोन्ही बाजूंकडून राजीनामे, म्हणजे होईल तो निवाडा मान्य करू असे लेख, घेतले जात आणि त्याप्रमाणे वागण्याबद्दल जामीन मागितला जाई. निकालाचा महजर, म्हणजे निवाडापत्र, होई, आणि हरलेल्याकडून येजितखत, म्हणजे हार मान्य असल्याचा लेख, लिहून घेतले जाई. पेशवाईनंतर ब्रिटिश प्रशासक माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने १८१९ च्या अहवालात पंचायतीचे दोष मांडले, तरीही ती टिकवण्याचा आग्रह धरला. मुंबई इलाख्याच्या १८२७ च्या संहितेतील सातवे रेग्युलेशन लवादाबद्दलच होते. ब्रिटिश न्यायालये रुजल्यावर पंचायतीकडचा ओघ मात्र आटत गेला. या व्यवस्थेचे गोडवे गाताना एक गोष्ट विसरू नये. जातीचा आणि गावकीचा दाब असताना, बहिष्काराच्या भीतीखाली लिहून दिलेला राजीनामा प्रत्येक वेळी मनापासूनचा असेलच असे नाही. २००७ मध्ये महाराष्ट्राने महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू केली, तिलाही हीच कसोटी लावायला हवी.

आजची जागतिक चौकट १९५८ च्या न्यूयॉर्क कराराने घातली. त्यात १७० हून अधिक देश सामील आहेत. भारताने १९६० मध्ये त्याला अनुसमर्थन दिले. परदेशात झालेला निवाडा प्रत्येक सदस्य देशाने अमलात आणायचा आणि नाकारायचा झाल्यास मोजक्याच कारणांवरून : वैध लवादी करार नसणे, बाजू मांडण्याची संधी न मिळणे, लवादाने अधिकाराबाहेर जाणे, सार्वजनिक धोरणाचा भंग वगैरे. लवादाने पुरावा चुकीचा वाचला, हे कारण त्यात बसत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार कायदा आयोगाने १९८५ मध्ये काढलेला आदर्श कायदा याच विचाराचा असून भारत, जर्मनी, जपान यांचे सध्याचे कायदे त्यावर बेतलेले आहेत.

चौकट एक असली तरी उत्तरे एक येत नाहीत. दल्लाह विरुद्ध पाकिस्तान या प्रकरणाइतके याचे स्पष्ट उदाहरण दुसरे नाही. दल्लाह या सौदी कंपनीने सप्टेंबर १९९६ मध्ये पाकिस्तानी हाजींसाठी मक्केत निवासस्थाने बांधण्याचा करार केला. समोर सही होती ती अवामी हज ट्रस्टची. हा ट्रस्ट पाकिस्तानच्या राष्ट्रपतींच्या वटहुकमाने स्थापन झाला होता. वाद झाल्यास आंतरराष्ट्रीय वाणिज्य मंडळाच्या नियमांनुसार लवाद, असे कलम करारात होते. नोव्हेंबरात बेनझीर भुत्तो यांचे सरकार गेले, डिसेंबरात वटहुकमाची मुदत संपली आणि ट्रस्ट कायद्याच्या दृष्टीने अस्तित्वातच उरला नाही. जानेवारी १९९७ मध्ये धार्मिक व्यवहार खात्याच्या सचिवांनी पत्र पाठवून करार संपल्याचे कळवले. दल्लाहने थेट पाकिस्तान सरकारविरुद्ध पॅरिसमध्ये लवाद मागितला. ‘आम्ही या करारात पक्षच नव्हतो’ असे सरकारचे म्हणणे होते. लवादांनी ते फेटाळले आणि २००६ मध्ये सुमारे दोन कोटी डॉलरचा निवाडा दिला.

कंपनी अंमलबजावणीसाठी लंडनला गेली. निवाडा पॅरिसचा, म्हणून संमतीचा प्रश्न फ्रेंच कायद्याने सोडवायचा होता. इंग्रज न्यायाधीशांनी फ्रेंच कायद्याच्या तज्ज्ञांची मते घेतली, लवादांच्या निष्कर्षाला बांधून न घेता सगळा प्रश्न नव्याने तपासला, आणि ३ नोव्हेंबर २०१० रोजी ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने अंमलबजावणी नाकारली : करार ट्रस्टने केला होता, सरकार जाणीवपूर्वक बाहेर राहिले होते. साडेतीन महिन्यांनी, १७ फेब्रुवारी २०११ रोजी, पॅरिसच्या अपील न्यायालयाने तोच निवाडा रद्द करण्याचा पाकिस्तानचा अर्ज फेटाळला. तेथे तोच फ्रेंच कायदा लावून उलट निकाल झाला : वाटाघाटींपासून करार संपवण्यापर्यंत सरकारच खरा पक्ष म्हणून वागले होते, ट्रस्ट नावापुरता होता.

कायदा तोच, कागद तेच, तरी संमती एका राजधानीत आढळली नाही आणि दुसरीत आढळली. इंग्रज न्यायाधीश सही कोणाची हे पाहतो, फ्रेंच न्यायाधीश वागणूक कोणाची हे पाहतो. या प्रकरणापुरते पॅरिसचे वाचन अधिक न्याय्य वाटते. वटहुकूम जिवंत ठेवणे न ठेवणे सरकारच्याच हाती होते. तो लोपल्याचा लाभ त्याच सरकारला मिळू देणे सुसंगत असेल, पण रास्त नाही.

लवादाचे कायदेशीर ठिकाण, ज्याला वकील ‘सीट’ म्हणतात, त्याच्याबद्दलही या दोन पद्धती दोन टोकांना आहेत. इंग्लंडमध्ये निवाड्याचे मूळ त्या ठिकाणच्या कायद्यात मानले जाते, आणि १९९६ च्या कायद्याचे कलम ६९ कायद्याच्या मुद्द्यावर अपिलाची मर्यादित वाटही ठेवते. पक्षांनी करारात ती बंद केली नसेल तर. फ्रान्सच्या मते आंतरराष्ट्रीय निवाडा कोणत्याच एका देशाचा नसतो. पुत्राबाली प्रकरणात इंडोनेशियन निर्यातदाराने पाठवलेली पांढरी मिरी जहाजासह बुडाली. लंडनचा पहिला निवाडा फ्रेंच खरेदीदाराच्या बाजूने झाला. इंग्लिश न्यायालयाने कायद्याच्या मुद्द्यावर त्यात हस्तक्षेप केल्यावर दुसरा निवाडा निर्यातदाराच्या बाजूने आला. फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये अमलात आणला तो पहिलाच. बाकीच्या बहुतेक देशांतील न्यायालये इतक्या पुढे जात नाहीत.

भारतात १९४० च्या कायद्याखाली निवाडा न्यायालयात दाखल होऊन त्यावर हुकूमनामा निघाल्याशिवाय अमलात येत नसे, आणि त्या टप्प्यावर वर्षानुवर्षे जात. १९९६ च्या लवाद व सलोखा कायद्याने निवाड्यालाच हुकूमनाम्याचे बळ दिले. तो रद्द करण्याची कारणे कलम ३४ मध्ये मोजून ठेवली. पण २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सॉ पाइप्स प्रकरणात ‘सार्वजनिक धोरण’ या कारणाचा अर्थ इतका ताणला की निवाड्यातील उघड कायदेशीर चूकही त्यात बसू लागली. मागच्या दाराने अपील आले. २०१२ च्या बाल्को निकालाने परदेशी ठिकाणच्या लवादांत भारतीय न्यायालयांनी करावयाचा हस्तक्षेप आवरला. २०१५ च्या दुरुस्तीने सार्वजनिक धोरणाची व्याख्या आटोक्यात आणली, निवाड्याला बारा महिन्यांची मुदत घातली आणि रद्द करण्याचा अर्ज नुसता दाखल केल्याने मिळणारी आपोआप स्थगिती काढून टाकली. मुंबईत २०१६ पासून आंतरराष्ट्रीय लवाद केंद्र आहे. निवाडा रद्द न करता न्यायालय तो दुरुस्त करू शकते काय, यावर पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने ३० एप्रिल २०२५ रोजी चार विरुद्ध एक बहुमताने होकार दिला, मात्र मर्यादित बाबींपुरता.

दुर्बल पक्षाच्या संमतीबाबत अमेरिका एकाकी आहे. तेथे मोबाइल जोडणीच्या किंवा नोकरीच्या छापील करारातले लवादी कलम ग्राहकाला आणि कामगाराला बांधते; एटी अँड टी मोबिलिटी विरुद्ध कन्सेप्शन या २०११ च्या निकालानंतर अनेकांनी मिळून सामूहिक दावा लावण्याची वाटही अशा कलमाने बंद करता येते. ज्यूरीपुढे जाण्याचा हक्क असा न वाचलेल्या कागदावर जातो. २०२२ मध्ये तेथील काँग्रेसने लैंगिक अत्याचार व छळाच्या तक्रारी यातून मोकळ्या केल्या, ही एक मोठी सूट. युरोपीय संघात १९९३ च्या अन्याय्य अटींविषयीच्या निर्देशामुळे असे कलम ग्राहकावर लादणे अवघड आहे. भारतात एमार एमजीएफ प्रकरणात २०१८ मध्ये ठरले की करारात लवादी कलम असले तरी घर घेणारा ग्राहक मंचाकडे जाऊ शकतो. इथे भारतीय न्यायालयांची भूमिका निःसंशय योग्य आहे. दोन कंपन्यांनी वकिलांसमक्ष केलेला करार आणि बिल्डरने पुढे सरकवलेला छापील फॉर्म यांना एकच नियम लावता येत नाही.

इस्लामी परंपरेत लवादाला ‘तहकीम’ म्हणतात. पतिपत्नींच्या वादात दोन्ही घराण्यांतून एकेक पंच नेमण्याची सूचना कुराणातच आहे. तरी आखाती देशांचा पाश्चात्त्य लवादावर दीर्घकाळ राग होता, आणि तो सकारण होता. १९५१ मध्ये अबू धाबीच्या तेलवादात लॉर्ड ॲस्क्विथ यांनी आधुनिक व्यापारी कराराला लावण्याजोगी तत्त्वे तेथील कायद्यात नाहीत असे ठरवून इंग्लिश कायद्याकडे झुकणारी तत्त्वे वापरली. १९५८ मध्ये अराम्को निवाडा सौदी अरेबियाच्या विरोधात गेल्यावर १९६३ मध्ये तेथील मंत्रिमंडळाने सरकारी खात्यांना परवानगीविना लवाद मान्य करण्यास मनाई केली. २०१२ चा सौदी कायदा आदर्श कायद्याच्या जवळ आला आहे. मात्र निवाडा शरियतविरोधी नसावा ही अट कायम असल्याने व्याजाची मागणी तेथे अडकू शकते.

पुराव्याच्या रीतीत इंग्लिश परंपरा उलटतपासणीवर आणि प्रतिपक्षाची कागदपत्रे मिळवण्यावर भर देते. युरोप खंडातील संहितापद्धतीत न्यायाधीश स्वतः प्रश्न विचारतो आणि पक्षाने आपल्या जवळचे कागद हजर करावेत एवढीच अपेक्षा असते. आंतरराष्ट्रीय लवादात दोहोंची मिसळ रूढ झाली आहे.

निवाडा देणाऱ्यानेच तडजोडीचा प्रयत्न करावा काय, हा भेद अधिक खोल आहे. चीनमध्ये ते सर्रास चालते, जर्मन न्यायाधीशालाही ते परके नाही. इंग्लिश वकिलाला मात्र ते धोक्याचे वाटते. शीआनमधील एका लवादात लवाद आयोगाच्या सरचिटणीसाने आणि एका लवादाने हॉटेलातील जेवणाच्या वेळी एका पक्षाच्या स्नेह्यापुढे पंचवीस कोटी युआनच्या तडजोडीचा प्रस्ताव ठेवला. तो फिसकटला, आणि निवाडा त्या पक्षाच्या विरुद्ध गेला. हाँगकाँगच्या प्रथम न्यायालयाने २०११ मध्ये पक्षपाताचा भास होतो म्हणून अंमलबजावणी नाकारली. त्याच वर्षाच्या अखेरीस अपील न्यायालयाने ती मंजूर केली. मध्यस्थी जेथे झाली तेथील रिवाज लक्षात घ्यायला हवा, असे त्याचे म्हणणे होते. कीनाय खटला या नावाने हा निकाल प्रसिद्ध आहे.

भारतात तडजोडीची बाजू लोकअदालतीने सांभाळली आहे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याखाली तिचा निवाडा हुकूमनामा ठरतो आणि त्यावर अपील नसते. मात्र दोन्ही पक्ष राजी नसतील तर ती निर्णय देऊ शकत नाही. २०२३ चा मध्यस्थी कायदा, ज्याची कलमे टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत, मध्यस्थीतून झालेल्या लेखी तडजोडीलाही तसेच बळ देऊ पाहतो, पण भारतात झालेल्या मध्यस्थीपुरतेच. परदेशी तडजोडींसाठीच्या सिंगापूर करारावर भारताने ७ ऑगस्ट २०१९ रोजी सही केली, अनुसमर्थन केलेले नाही. त्यामुळे पुण्यातील कारखानदाराने सिंगापूरमध्ये लवादाचा निवाडा मिळवला तर तो भारतात अमलात येतो. तेथेच मध्यस्थापुढे बसून समजुतीने वाद मिटवला, तर त्याच्या हाती राहतो तो एक साधा करार, आणि समोरच्याने तो मोडला की त्याला नव्याने दावा लावावा लागतो.