संघाचे दार आणि दास

संघात कुळाला महत्त्व नव्हते, याचा दाखला म्हणून उपालीची कथा सांगितली जाते. शाक्य कुमारांनी आपला अभिमान गळावा म्हणून आपल्या न्हाव्याला आधी प्रव्रज्या देण्याची विनंती केली. ज्येष्ठतेच्या नियमाने मग त्यांनाच त्याला वंदन करावे लागले. राजगृहाच्या संगीतीत विनयाची उत्तरेही त्यानेच दिली.

परंतु दासाचे काय? सामञ्ञफलसुत्तात अजातशत्रू कबूल करतो की, आपला दास प्रव्रजित झाला तर आपण त्याला परत बोलावणार नाही, उलट उठून वंदन करू. महावग्गात मात्र पळून आलेल्या एका दासाला प्रव्रज्या मिळते, मालक त्याला पाहतात, लोक कुरकुर करतात आणि दासाला प्रव्रज्या देण्यास मनाई होते. ऋणकोलाही तीच मनाई. उपसंपदेच्या वेळी 'भुजिस्स', म्हणजे दास्यातून मोकळा, आहेस का, असे विचारले जाते.

ही विसंगती झाकू नये, असे आम्हांस वाटते. चुल्लवग्ग उपालीला परिचारक म्हणतो, दास म्हणत नाही. जन्माचा दर्जा संघाने आपल्या आवारात नाकारला. दुसऱ्याच्या मालकीला हात लावला नाही, कारण भिक्षा त्याच गृहपतींच्या दारी मागायची होती. मालकाने मुक्त केलेल्या दासाला ही आडकाठी नव्हती.