प्रसूतिकळा सुरू करण्याचे घरगुती उपाय

प्रसूतिकळा सुरू करण्याचे घरगुती उपाय म्हणजे गर्भारपणाचे दिवस भरत आल्यावर किंवा दिलेली तारीख उलटल्यावर, रुग्णालयातील औषधांविना कळा याव्यात म्हणून घरी योजले जाणारे आहाराचे, हालचालींचे व वनस्पतिजन्य उपाय होत. एरंडेल पिणे, खजूर खाणे, तूप घातलेले गरम दूध घेणे, भरपूर चालणे, स्तनाग्रे चोळणे, समागम, अननस किंवा पपई खाणे हे त्यांपैकी विशेष प्रचलित आहेत. यांतील बहुतेकांचा परिणाम शास्त्रीय चाचण्यांत सिद्ध झालेला नाही. ज्या थोड्या उपायांचा गर्भाशयावर खरोखर परिणाम होतो, त्यांचा धोकाही त्याच परिणामातून उद्भवतो. म्हणून त्यांचा वापर डॉक्टरांच्या सल्ल्यानेच करणे इष्ट मानले जाते.

## पार्श्वभूमी

प्रसूतीची अपेक्षित तारीख शेवटच्या मासिक पाळीच्या पहिल्या दिवसापासून २८० दिवस, म्हणजे ४० आठवडे मोजून काढतात. ही पद्धत जर्मन प्रसूतितज्ज्ञ फ्रान्झ नेगेले यांच्या नावाने ओळखली जाते. ही तारीख केवळ अंदाज असते; नेमक्या त्या दिवशी जन्मणाऱ्या बाळांचे प्रमाण सुमारे ५ टक्केच आहे. पाळी अनियमित असल्यास किंवा तिची तारीख नीट आठवत नसल्यास हिशेब एक-दोन आठवड्यांनी चुकू शकतो. पहिल्या तिमाहीतील सोनोग्राफीवरून काढलेली तारीख अधिक भरवशाची असते.

३७ ते ४२ आठवड्यांमधील प्रसूती सर्वसाधारणपणे मुदतीतील मानली जाते. मात्र ३७ व ३८ व्या आठवड्यांत जन्मलेल्या बाळांना श्वसनाचा त्रास होण्याची शक्यता ३९ आठवडे पूर्ण केलेल्या बाळांपेक्षा अधिक असते. दुसरीकडे, ४१ आठवड्यांनंतर वारेची कार्यक्षमता घटू शकते, गर्भजल कमी होऊ शकते आणि पोटातच बाळ दगावण्याचा धोका, एकंदरीत अल्प असला तरी, वाढू लागतो. त्यामुळे तारीख उलटलेल्या स्त्रीची आणि तिच्या कुटुंबाची काळजी निराधार नसते. शेवटच्या आठवड्यांतील पाठदुखी, पायांवरील सूज, अपुरी झोप आणि रुग्णालयात कळा सुरू करण्याच्या प्रक्रियेची किंवा शस्त्रक्रियेची भीती ही घरगुती उपायांकडे वळण्याची इतर कारणे आहेत.

## कळा सुरू होण्याची प्रक्रिया

प्रसूती एखाद्या कळीने चालू होणारी क्रिया नाही. तिच्या आधी अनेक दिवस गर्भाशयाचे मुख मऊ होते, आखूड होते आणि पुढे सरकते. या बदलांत प्रोस्टाग्लँडिन या द्रव्यांचा मोठा वाटा असतो. त्याच काळात गर्भाशयाच्या स्नायूंत ऑक्सिटोसिन या संप्रेरकाला प्रतिसाद देणाऱ्या ग्राहींची संख्या वाढते. बाळ व वार यांच्याकडून येणारे संप्रेरकांचे संकेतही या प्रक्रियेत भाग घेतात. बाळाचे डोके गर्भाशयमुखावर दाबले गेले की अधिक ऑक्सिटोसिन स्रवते आणि कळा वाढत जातात.

ऑक्सिटोसिनच्या अभ्यासाची सुरुवात हेन्री डेल यांनी १९०६ मध्ये पोष ग्रंथीच्या अर्काचा गर्भाशयावरील परिणाम नोंदवल्यापासून झाली. व्हिन्सेंट द्यू व्हिन्यो यांनी १९५३ मध्ये हे संप्रेरक प्रयोगशाळेत तयार केले. त्यांना १९५५ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

गर्भाशयमुख किती तयार आहे हे पाहण्यासाठी एडवर्ड बिशप यांनी १९६४ मध्ये एक गुणांकन पद्धत मांडली. मुखाची उघडीप, त्याचा आखूडपणा, मऊपणा, दिशा आणि बाळाच्या डोक्याची पातळी या पाच गोष्टी तीत तपासतात. मुख तयार नसेल तर रुग्णालयातील औषधांनाही वेळ लागतो. घरगुती उपायांचे यशापयशही बव्हंशी याच तयारीवर अवलंबून असते.

## परंपरा

### आयुर्वेद

चरकसंहितेच्या शारीरस्थानातील आठव्या अध्यायात नवव्या महिन्याची परिचर्या सांगितली आहे. मधुर औषधांनी सिद्ध केलेल्या तेलाची अनुवासन बस्ती आणि त्याच तेलात भिजवलेला बोळा योनीत ठेवणे, असे उपचार तेथे येतात. प्रसवमार्ग स्निग्ध करणे हा त्यांचा हेतू आहे. त्याच अध्यायात, वेदना सुरू होऊनही प्रसूती होत नसल्यास स्त्रीने उठून मुसळाने उखळातील धान्य कांडावे, असे एक मत नोंदवले आहे. आत्रेयांनी ते नाकारले आहे. गर्भिणीने कष्टाचा व्यायाम सदैव टाळावा आणि प्रसूतीच्या वेळी तर विशेषच टाळावा, अन्यथा तिच्या जिवावर बेतू शकते, असे कारण ते देतात. त्याऐवजी जांभई देणे व फिरणे ते सुचवतात. प्रसूती घडवून आणण्यासाठी अतिश्रम योजण्याविरुद्धचा हा प्राचीन इशारा आहे.

### महाराष्ट्रातील प्रथा

पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत महाराष्ट्रात रूढ असल्याने असे उपाय बहुधा आई, आजी वा शेजारच्या अनुभवी स्त्रिया सुचवतात. पूर्वी हा सल्ला गावातील सुईणीकडूनही मिळे. नवव्या महिन्यात गरम दुधात तूप घालून देणे, घरातल्या घरात हिंडतेफिरते ठेवणे आणि बसून करायची कामे करायला लावणे या सर्वपरिचित प्रथा आहेत. ‘उष्ण’ समजल्या जाणाऱ्या पपईसारख्या ज्या पदार्थांना सुरुवातीच्या महिन्यांत मज्जाव असतो, तेच पदार्थ दिवस भरल्यावर काही ठिकाणी मुद्दाम दिले जातात.

सह्याद्रीत पावसाळ्यात फुलणाऱ्या कळलावी या वेलीचे नाव प्रसूतीच्या कळांशी जोडले जाते. तिचा कंद उगाळून बेंबीभोवती, ओटीपोटावर किंवा तळपायांना लावण्याची प्रथा अनेक भागांत होती. संस्कृतात तिला लांगली व अग्निशिखा म्हणतात, तर ‘गर्भनुत्’ हे तिचे नाव गर्भ बाहेर ढकलणारी या अर्थाचे आहे. तिच्या सर्व भागांत, विशेषतः कंद व बियांत, कोल्चिसिन हे तीव्र विष असते. कंद पोटात गेल्याने मृत्यू ओढवल्याच्या नोंदी भारत व श्रीलंकेत आहेत. हा उपाय कोणत्याही स्वरूपात सुरक्षित नाही.

## प्रचलित उपाय व त्यांविषयीचे पुरावे

### एरंडेल

एरंडाच्या बियांचे तेल हे तीव्र रेचक आहे. त्यातील रिसिनोलेइक आम्ल आतडे व गर्भाशय या दोहोंच्या स्नायूंतील प्रोस्टाग्लँडिनच्या एकाच प्रकारच्या ग्राहीवर कार्य करते, असे २०१२ मध्ये उंदरांवरील संशोधनात आढळले. जुलाब आणि कळा यांचा संबंध त्यावरून स्पष्ट होतो. मानवी चाचण्यांचे पुरावे मात्र तोकडे आहेत. २०१३ च्या कॉक्रेन आढाव्यात तीन चाचण्यांतील २३३ स्त्रियांची माहिती होती. तीवरून परिणामाविषयी निष्कर्ष काढता आला नाही. एरंडेल घेतलेल्या सर्व स्त्रियांना मळमळ झाली, एवढे मात्र निश्चित दिसले. नंतरच्या काही अभ्यासांत, आधी बाळंतपण झालेल्या स्त्रियांमध्ये काहीसा परिणाम सुचवला गेला आहे. जुलाब, उलट्या व त्यामुळे शरीरातील पाणी कमी होणे हे त्याचे नेहमीचे दुष्परिणाम आहेत.

### खजूर

जॉर्डनमध्ये झालेल्या व २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ६९ स्त्रियांनी अपेक्षित तारखेआधीचे चार आठवडे रोज सहा खजूर खाल्ले. ४५ स्त्रियांनी खाल्ले नाहीत. पहिल्या गटातील ९६ टक्के व दुसऱ्या गटातील ७९ टक्के स्त्रियांना आपोआप कळा आल्या. रुग्णालयात दाखल होताना पहिल्या गटातील गर्भाशयमुख सरासरी अधिक उघडलेले होते. मात्र या स्त्रियांची गटांत विभागणी यादृच्छिक नव्हती. मलेशियातील २०१७ च्या यादृच्छिक चाचणीत कळा आपोआप सुरू होण्याच्या प्रमाणात फरक आढळला नाही; कळा वाढवण्यासाठी औषध देण्याची गरज मात्र कमी भासली. खजूर हे अन्न असल्याने निरोगी स्त्रीला त्यापासून सहसा अपाय नाही. गर्भावस्थेतील मधुमेह असल्यास त्यातील साखर विचारात घ्यावी लागते.

### स्तनाग्र उत्तेजन

स्तनाग्रे चोळल्याने शरीरात ऑक्सिटोसिन स्रवते. २००५ च्या कॉक्रेन आढाव्यात सहा चाचण्यांतील ७१९ स्त्रियांचा समावेश होता. ७२ तासांनंतरही कळा सुरू न झालेल्यांचे प्रमाण हा उपाय करणाऱ्यांत ६२.७ टक्के, तर न करणाऱ्यांत ९३.६ टक्के होते. गर्भाशयमुख तयार नसलेल्या स्त्रियांमध्ये हा फरक दिसला नाही. अधिक जोखमीच्या गर्भवतींबाबत सुरक्षितता पूर्णपणे तपासली जाईपर्यंत त्यांनी हा उपाय करू नये, असे आढाव्यात स्पष्ट म्हटले आहे. उत्तेजन अति झाल्यास कळा फार लवकर लवकर येऊन बाळाच्या हृदयाचे ठोके मंदावू शकतात.

### समागम

वीर्यात प्रोस्टाग्लँडिन असतात, यावरून हा समज रूढ झाला. चाचण्यांत मात्र समागमामुळे कळा लवकर सुरू होत असल्याचे दिसून आलेले नाही. पाणमोट फुटली असल्यास, रक्तस्राव होत असल्यास किंवा वार गर्भाशयमुखावर असल्यास समागम वर्ज्य आहे.

### अननस व पपई

अननसातील ब्रोमेलेन या द्रव्याने गर्भाशयमुख मऊ होते असे म्हटले जाते. फळ खाल्ल्याने तसे घडत असल्याचा पुरावा नाही. सिंगापूरमध्ये उंदरांवर झालेल्या व २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत पिकलेल्या पपईच्या रसाचा गर्भाशयाच्या स्नायूंवर परिणाम झाला नाही, परंतु कच्च्या पपईच्या चिकाने ते तीव्रतेने आकुंचन पावले. त्यामुळे कच्च्या पपईचा उपयोग टाळण्याचा सल्ला दिला जातो.

### चालणे व इतर उपाय

चालणे बहुतेक स्त्रियांना हितकारक आहे, पण त्याने कळा हमखास सुरू होतात असे म्हणण्याइतका भक्कम पुरावा नाही. तूप घातलेले दूध व तिखट-मसालेदार जेवण यांबाबतही तसेच म्हणता येते. पाश्चात्त्य देशांत रास्पबेरीच्या पानांचा चहा लोकप्रिय आहे. उत्तर अमेरिकेतील ब्लू कोहोश या वनस्पतीच्या सेवनानंतर नवजात बाळाला हृदयविकार झाल्याची नोंद वैद्यकीय साहित्यात आहे. ब्रिटनमधील नाइस या संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांनुसार वनौषधी, अ‍ॅक्युपंक्चर, होमिओपॅथी, एरंडेल, गरम पाण्याची आंघोळ, एनिमा व समागम यांना कळा सुरू करण्याचे उपाय म्हणून पुराव्यांचा आधार नाही.

## परिणामाचा आभास

दिवस भरलेल्या बहुतेक स्त्रियांना थोड्याच दिवसांत आपोआप कळा येतात. जॉर्डनच्या अभ्यासातील खजूर न खाणाऱ्या स्त्रियांपैकीही ७९ टक्क्यांना त्या तशाच आल्या होत्या. वाट पाहणारे कुटुंब रोज एक उपाय करून पाहते आणि कळा ज्या दिवशी येतात त्या दिवशीच्या उपायाला श्रेय मिळते. आदल्या दिवशी निष्फळ ठरलेले उपाय विसरले जातात. तोंडोतोंडी सांगितले जाणारे अनुभव खरे असूनही त्यांवरून उपायाची उपयुक्तता ठरत नाही, ती याच कारणाने.

## धोके

रुग्णालयात शिरेवाटे दिले जाणारे ऑक्सिटोसिन थेंबाथेंबाने वाढवता येते आणि बाळाचे ठोके बिघडताच बंद करता येते. प्यायलेले एरंडेल किंवा काढा परत काढून घेता येत नाही, त्याची नेमकी मात्राही ठाऊक नसते आणि घरी बाळाच्या ठोक्यांवर लक्ष ठेवण्याची सोय नसते. कळा अति तीव्र झाल्यास दोन कळांमध्ये बाळाला पुरेसा प्राणवायू मिळत नाही.

पुढील स्थितींत गर्भाशयाला उत्तेजित करणारा कोणताही उपाय घरी करणे विशेष धोक्याचे असते:

* पूर्वी सिझेरियन किंवा गर्भाशयावरील अन्य शस्त्रक्रिया झालेली असणे. जुना व्रण फाटून आई व बाळ या दोघांच्या जिवाला धोका होऊ शकतो
* वार गर्भाशयमुखावर असणे
* बाळ आडवे किंवा पायाळू असणे
* जुळी बाळे, वाढ खुंटलेले बाळ किंवा कमी गर्भजल
* आईला उच्च रक्तदाब, मधुमेह वा हृदयविकार असणे
* ३९ आठवडे पूर्ण झालेले नसणे किंवा तारखेबद्दल खात्री नसणे

ऑक्सिटोसिन किंवा मिसोप्रोस्टॉल ही औषधे घरी घेणे अत्यंत घातक आहे. अप्रशिक्षित व्यक्तींनी घरी ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन देण्याची प्रथा उत्तर भारतातील ग्रामीण भागांतील अभ्यासांत नोंदवली गेली आहे.

उपायाचा थेट अपाय नसला तरी विलंबाचा धोका उरतो. बाळाची हालचाल मंदावलेली असताना तूप-दूध देऊन उद्यापर्यंत वाट पाहणे, यात निरुपद्रवी वाटणारा उपायही महागात पडू शकतो.

## वैद्यकीय पर्याय

गर्भावस्थेची ४१ आठवड्यांची मुदत खात्रीने पूर्ण झाल्यास कळा सुरू करून द्याव्यात, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. त्यासाठी प्रोस्टाग्लँडिनची जेल किंवा गोळी, गर्भाशयमुखात फुगा ठेवणे, पाणमोट फोडणे आणि शिरेवाटे ऑक्सिटोसिन हे मार्ग वापरतात. तपासणीच्या वेळी बोटाने गर्भपिशवीचे आवरण गर्भाशयमुखापासून अलग करण्याच्या क्रियेने औषधांची गरज कमी होऊ शकते. ती प्रशिक्षित व्यक्तीनेच करायची असते.

कळा सुरू करून दिल्यास सिझेरियनची शक्यता वाढतेच, हा समज सरसकट खरा नाही. अमेरिकेत ६,००० हून अधिक पहिलटकरणींवर झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, ३९ व्या आठवड्यात कळा सुरू केलेल्या गटात सिझेरियनचे प्रमाण १८.६ टक्के, तर वाट पाहिलेल्या गटात २२.२ टक्के होते. या स्त्रिया कमी जोखमीच्या होत्या.

## तातडीने रुग्णालयात जाण्याची लक्षणे

पुढीलपैकी काहीही आढळल्यास घरगुती उपाय न करता लगेच रुग्णालयात जाणे आवश्यक असते. महाराष्ट्रात १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावता येते.

* बाळाची हालचाल कमी होणे किंवा थांबणे
* योनीवाटे रक्तस्राव
* पाणमोट फुटणे, विशेषतः पाणी हिरवट किंवा दुर्गंधीयुक्त असणे
* न थांबणारी सलग पोटदुखी
* तीव्र डोकेदुखी, अंधुक दिसणे, चेहऱ्यावर एकाएकी सूज
* ताप किंवा झटके

## हेही पहा

* गर्भावस्था
* प्रसूती
* सिझेरियन शस्त्रक्रिया
* ऑक्सिटोसिन
* सुईण
* कळलावी