आर.ई.एम. : पर्यायी रॉकमधील समान भागीदारी

आर.ई.एम. हा पर्यायी रॉक संगीताचा पाया घालणाऱ्या अमेरिकी बँडपैकी एक होय. जॉर्जिया राज्यातील अथेन्स येथे १९८० मध्ये मायकेल स्टाइप, पीटर बक, माइक मिल्स आणि बिल बेरी यांनी तो स्थापन केला. गीतांचे श्रेय चौघांना समान देण्याचा प्रघात त्यांनी पाळला. ‘मर्मर’ (१९८३) या अल्बमला समीक्षकांची दाद मिळाली, तर ‘आउट ऑफ टाइम’ने (१९९१) जागतिक लोकप्रियता मिळवून दिली. १९९५ मध्ये स्वित्झर्लंडमधील कार्यक्रमादरम्यान मेंदूतील रक्तवाहिनी फुटल्याने ड्रमवादक बेरी कोसळले. बरे होऊन ते परतले. मात्र १९९७ मध्ये, उर्वरित तिघांनी बँड चालू ठेवावा, या अटीवर निवृत्त झाले. तिघांनी ती अट पाळली. २०११ मध्ये बँड विसर्जित करण्यात आला.