चिकानो पार्क

चिकानो पार्क : अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात, सॅन दिएगो शहरातील बारिओ लोगन या वस्तीत असलेले उद्यान व भित्तिचित्रस्थळ. क्षेत्रफळ सु. ३ हेक्टर. शहराची लोकसंख्या १३,८६,९३२ (२०२०). मेक्सिकोची सरहद्द येथून दक्षिणेस सु. २० किमी. कोरोनाडो पुलाकडे जाणारे रस्ते उद्यानाच्या डोक्यावरून जातात आणि ते रस्ते पेलणाऱ्या काँक्रीटच्या खांबांवरच येथील बहुतेक चित्रे आहेत. खाली गरुड, साप, देवता आणि शेतमजूर. वर अहोरात्र गाड्यांची घरघर.

चिकानो म्हणजे मेक्सिकन वंशाचे अमेरिकी लोक. पूर्वी हिणवण्यासाठी वापरला जाणारा हा शब्द १९६० च्या दशकातील चळवळीने अभिमानाने मिरवायला घेतला.

बारिओ लोगन ही मेक्सिकन कामगारांची जुनी वस्ती. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात नौदल व युद्धसामग्रीच्या कारखान्यांनी किनारा व्यापला आणि वस्तीची समुद्राकडची वाट बंद झाली. १९५० च्या दशकात नगररचनेचे नियम बदलले, तेव्हा घरांच्या शेजारी मोडीत निघालेल्या गाड्यांच्या भंगाराचे अड्डे उभे राहिले. १९६३ मध्ये महामार्ग क्र. ५ वस्तीच्या मधून गेला. १९६९ मध्ये कोरोनाडो पूल वाहतुकीस खुला झाला. दोन्ही वेळा घरे गेली ती याच लोकांची. मोबदल्यादाखल पुलाखाली उद्यान मिळेल, अशी त्यांची समजूत होती.

२२ एप्रिल १९७० रोजी त्या जागेवर बुलडोझर आले. एका विद्यार्थ्याने चौकशी केली, तेव्हा तेथे महामार्ग पोलिसांचे ठाणे होणार असल्याचे कळले. बातमी वर्गावर्गांत आणि घरोघर पोहोचली. बायामुले, म्हातारेकोतारे, विद्यार्थी जमले आणि त्यांनी यंत्रांभोवती कडे केले. कुदळी-फावडी घेऊन जमीन उकरली, निवडुंग आणि फुलझाडे लावली, टेलिफोनच्या खांबावर आस्त्लानचा झेंडा चढवला. बारा दिवस ठाण मांडल्यावर प्रशासन वाटाघाटींना आले आणि जागा उद्यानासाठी मिळाली. पाठपुराव्यासाठी तेव्हाच स्थापन झालेली रहिवाशांची समिती आजही उद्यानाची राखण करते.

आस्त्लान ही आस्तेक लोकांची दंतकथेतील मूळभूमी. तेथून निघालेल्या टोळ्यांना देवाने खूण सांगितली होती : निवडुंगावर बसलेला गरुड दिसेल तेथे वसा. ती खूण पटली तेथे तेनोच्तित्लान, म्हणजे आजचे मेक्सिको सिटी, वसले. अमेरिकेचा नैर्ऋत्य भाग हेच आस्त्लान, असे चिकानो चळवळीचे म्हणणे. इतिहासकार ते मानोत न मानोत, या उद्यानात गरुड दिसला की तो जमिनीवरचा हक्क सांगतो आहे, एवढे ध्यानात ठेवावे.

खांब रंगवण्याची कल्पना याच वस्तीत वाढलेले चित्रकार साल्वादोर तोर्रेस यांची. मार्च १९७३ मध्ये आरंभ झाला तो पुलाच्या उताराकडील भिंतींपासून. चित्रकार आणि शेजारीपाजारी मिळून रंगवू लागले. ‘केत्साल्कोआत्ल’ हे चित्र त्याच वर्षीचे. नाहुआत्ल भाषेत केत्साल हा लांब हिरव्या पिसांचा पक्षी आणि कोआत्ल म्हणजे साप. दोहोंचा मिळून पिसांचा सर्पदेव. केत्साल दक्षिण मेक्सिको ते पनामा पट्ट्यातील डोंगराळ, धुकट अरण्यांत राहतो. कोरड्या सॅन दिएगोत तो उडताना कोणी पाहिलेला नाही, येथे तो केवळ काँक्रीटवर.

‘कोआत्लिक्वे’ (१९७८) हे सुसान यामागाता आणि मायकेल श्नॉर यांचे चित्र. कोआत्लिक्वे म्हणजे सापांचा घागरा नेसलेली भूमाता. डोंगरावर झाडलोट करताना वरून पडलेला पिसांचा गोळा तिने कमरेशी खोचला आणि तिला दिवस गेले. त्यातून युद्धदेव जन्मला, अशी कथा. मेक्सिको सिटीच्या संग्रहालयातील तिच्या मूर्तीला मस्तकाऐवजी दोन साप समोरासमोर आहेत.

प्रत्येक खांबावर पुराणकथाच आहे असे नाही. ‘वारिओ सी, योंकेस नो’ (१९७७) हे चित्र भंगारवाल्यांविरुद्ध : वस्ती हवी, भंगार नको. योंके हा इंग्रजी ‘जंक’चा सरहद्दीवर झालेला अवतार. शेतमजुरांचे नेते सेसार चावेस आणि क्रांतिकारक सापाता, चे गेव्हारा यांच्याही प्रतिमा आढळतात. चित्रांची संख्या ८० हून अधिक असून त्यांत अधूनमधून भर पडते.

मध्यभागी प्राचीन मेक्सिकन मंदिराच्या धर्तीचा मंडप (किओस्को) आहे. पालिकेला तो स्पॅनिश वळणाचा हवा होता, रहिवाशांनी ऐकले नाही. तेथे दर एप्रिलमध्ये वर्धापनदिनी पिसांचे मुकुट घालून आस्तेक नृत्य होते आणि जमिनीलगत बसवलेल्या जुन्या चकचकीत मोटारींची रांग लागते.

भूकंपरोधक मजबुतीकरणात खांब झाकले जातील, अशी धास्ती एकदा निर्माण झाली होती. विरोधामुळे चित्रे वाचली. २०११–१२ मध्ये अनेक चित्रांचा जीर्णोद्धार झाला. शहराच्या वारसायादीत १९८० मध्ये, ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय नोंदवहीत २०१३ मध्ये समावेश. डिसेंबर २०१६ मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा.

परिसरात जहाजबांधणी व नौदलाचा तळ हे प्रमुख रोजगार. लोगन ॲव्हेन्यूवर कलादालने व उपाहारगृहे आहेत.

उद्यानालगतचे संग्रहालय ऑक्टोबर २०२२ मध्ये उघडले. सरहद्दीकडे जाणाऱ्या ट्रॉली रेल्वेच्या निळ्या मार्गावरील बारिओ लोगन हे जवळचे स्थानक.