डोंगरची मैना आणि जेली

‘जेली’ हा शब्द परका. परंतु ती थिजविणारा गुण आपल्या डोंगरांतील करवंदात मूळचाच आहे. त्या द्रव्यास ‘पेक्टिन’ हे नाव ब्राकोनो या फ्रेंच रसायनज्ञाने दिले. फळ पिकताना ते कमी होते, हे ध्यानी ठेवून मी निम्मी करवंदे अर्धकच्ची घेते. चीक धुऊन ती शिजविते, रस न पिळता फडक्यातून गळू देते, व वाटीभर रसास पाऊण वाटी साखर घालून आटविते. आपल्या आज्या लोणच्यासाठीही कच्चीच करवंदे निवडीत; नाव ठाऊक नसले तरी पारख होती. आणि त्याहून जुनी पारख काट्यांच्या जाळीत हात घालणाऱ्या डोंगरच्या बाईची! तिच्या पाटीशी घासाघीस नको. तिचे दाम पुरते द्यावे.