एडसॅक : पोलादी कपाट आणि फितींची दोरी

६ मे १९४९ रोजी केंब्रिज विद्यापीठाच्या गणित प्रयोगशाळेत ‘एडसॅक’ या संगणकाने पहिली आज्ञावली पूर्ण केली आणि वर्गसंख्यांचा तक्ता छापून दिला. बहुतेक इतिहास याच तारखेवर थांबतात. वास्तविक खरा पेच त्यानंतर सुरू झाला. सुमारे ३००० व्हॉल्व्हचे हे यंत्र प्रयोगशाळेचे संचालक मॉरिस विल्क्स यांनी इतर संशोधकांच्या उपयोगासाठी उभारले होते. जनुकशास्त्र वा रसायनशास्त्राच्या अभ्यासकाने ते चालवायचे कसे?

आपल्या उर्वरित आयुष्याचा मोठा भाग स्वतःच्याच आज्ञावल्यांतील चुका शोधण्यात जाणार, हे विल्क्स यांना त्याच उन्हाळ्यात उमगले. वर्गमूळ काढण्याची रीत प्रत्येकाने नव्याने लिहिली, तर प्रत्येकजण नव्याने चुकणार! म्हणून तयार सबरूटीनांचा, म्हणजे पुन्हापुन्हा लागणाऱ्या उपआज्ञावल्यांचा, संग्रह करण्याचे ठरले आणि तो डेव्हिड व्हीलर या संशोधक विद्यार्थ्याकडे सोपवण्यात आला. तपासून घेतलेल्या सबरूटीनांच्या मूळ छिद्रित फिती पोलादी कपाटात राहत. वापरणाऱ्याच्या फितीवर त्यांची नक्कल यंत्रानेच उतरवली जाई. सोबतच्या माहितीपत्रकात स्मृतीतील किती जागा लागते, किती वेळ लागतो, हे नमूद असे. १९५१ पर्यंत अशी ८७ सबरूटीने जमली होती.

दिवसा यंत्राला हात लावण्याचे काम चालकांचे. संशोधक आपली फीत यंत्राजवळच्या दोरीवर अडकवून जाई आणि चालक त्यांतून पुढची फीत उचलत. आज्ञावली मध्येच अडकली, तर ती स्मृतीतील कोणत्या स्थानी थांबली, एवढेच संशोधकाला कळे. यंत्रासमोर बसून चूक शोधत राहण्याची चैन परवडणारी नव्हती. तो वेळ दोरीवर खोळंबलेल्यांचा होता. यावर स्टॅन्ली गिल यांनी तयार केलेल्या तपासणी-आज्ञावल्या बंद पडलेल्या कामाची स्थिती छापून देत. त्यांना नाव पडले ‘पोस्टमॉर्टेम’, आणि ते सार्थच होते. रात्री मात्र काही अधिकृत वापरकर्त्यांना यंत्र स्वतः चालवण्याची मुभा असे, बहुधा एखादा व्हॉल्व्ह जळेपर्यंत.

१९५० मध्ये बाहेरच्यांसाठी उन्हाळी वर्ग भरले. पुढच्याच वर्षी विल्क्स, व्हीलर आणि गिल यांनी हा सबरूटीनसंग्रह पुस्तकरूपाने खुला केला. आज्ञावली-लेखनावरील हे आरंभीचे पुस्तक ठरले.

या व्यवस्थेचा लाभ घेणाऱ्यांत जॉन केंड्रू होते. मायोग्लोबिन या प्रथिनाच्या रचनेसाठीची त्यांची प्रचंड आकडेमोड येथे झाली. १९६२ मध्ये त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. अँड्र्यू हक्सली तितके सुदैवी नव्हते. १९५१ मध्ये त्यांना गरज पडली, तेव्हा फेरबदलांसाठी एडसॅक काही महिने बंद होता. चेतातंतूंची सारी समीकरणे त्यांनी हाताने फिरवायच्या गणनयंत्रावर सोडवली.