जादा तासांचा दुप्पट दाम

वळसंगहून अक्कलकोट रस्त्याने रोज कितीतरी कामगार सोलापूरच्या यंत्रमागांवर जातात. पाळी बारा तासांची. एकदा वर्गात गुणाकार शिकवताना आम्ही विचारले, "जादा तासांचे अब्बांना किती मिळतात?" एक मुलगी म्हणाली, "सर, जितना पहले आठ घंटे का, उतनाच."

या 'उतनाच'मागे मोठा इतिहास आहे. सोलापुरात पहिली गिरणी १८७७ साली उभी राहिली. १८८१च्या कारखाना कायद्याने फक्त मुलांचे तास बांधले. प्रौढ पुरुषांना मर्यादा नव्हती. १९११मध्ये कापड गिरण्यांतील पुरुषांसाठी दिवसाला बारा तास ठरले. १९१९ साली वॉशिंग्टनच्या आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेने जादा कामाला किमान सव्वापट दर ठरवला. त्याचा पडसाद आपल्याकडे १९२२च्या कायद्यात उमटला: आठवड्याला साठ तास, त्यापुढे सव्वापट. १९४६च्या दुरुस्तीने आठवडा अठ्ठेचाळीस तासांवर आला आणि जादा दर दुप्पट झाला. १९४८च्या कायद्याने तोच कायम ठेवला.

आता हिशोब पाहू. समजा, आठ तासांची मजुरी ४०० रुपये, म्हणजे तासाला ५०. सहा दिवस बारा तास राबल्यास आठवड्याचे ७२ तास होतात. त्यातून ४८ वजा केले, की जादा २४ उरतात. एकेरी दराने त्यांचे १,२०० रुपये, दुपटीने २,४००. म्हणजे 'उतनाच'मध्ये दर आठवड्याला १,२०० रुपये बुडतात.

"आमचं तर नगावर आहे," असे विणकर म्हणतात. पण १९४८च्या कायद्यात नगावर काम करणाऱ्यांचीही सोय होती. जादा काम ज्या महिन्यात झाले, त्याच्या आधीच्या महिन्यात पूर्णवेळ भरलेल्या दिवसांची कमाई घ्यायची, तिच्यातून जादा कामाचे पैसे वगळायचे आणि रोजची सरासरी काढायची. त्या सरासरीवरून तासाचा दर काढून तो दुप्पट करायचा.

२१ नोव्हेंबर २०२५पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या. जुना कारखाना कायदा गेला, पण दुपटीचे तत्त्व टिकले. मात्र कायद्याला पुरावा लागतो. कामावर आल्या-गेल्याची वेळ घरच्या वहीत रोज टिपली, तर मागणीला आधार मिळतो.

आम्ही त्या मुलीला तेवढेच काम दिले. आता ती अब्बांची वही लिहिते. गुणाकार तिला आधीच येत होता. कशाला दोनने गुणायचे, ते आता कळले.